माध्यमांच्या सीमेवर ऊर्जेचा ताळा कसा जमवावा

चष्म्याच्या भिंगावर चढवलेल्या पातळ थरामुळे परावर्तित प्रकाश नाहीसा होतो, हे बारावीचा विद्यार्थी सहज सांगतो. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे दोन तरंग विरुद्ध कलेत (एकाच्या शिखराशी दुसऱ्याचा खळगा असे) भेटतात आणि एकमेकांना खोडतात, हे कारणही त्याला ठाऊक असते. मात्र त्या दोन तरंगांची ऊर्जा कोठे गेली, असे विचारले की उत्तर ‘ती पारगत होते’, म्हणजे आरपार पुढे जाते, एवढ्यावर थांबते. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. कारण जो प्रकाश वरच्या पृष्ठभागावरून परतून निघाला, तो पुन्हा मागे वळून काचेत कसा शिरणार, ही चाणाक्ष विद्यार्थ्याची शंका त्याने फिटत नाही. पुढे दिलेली पद्धत ही शंका आकडे मांडून फेडण्याची आहे. तिला अकरावी-बारावीचे बीजगणित आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो, आणि तिच्यातील काही भाग घरच्या बाल्कांवात (ओसरीत) किंवा गोव्यातील मांडवी नदीच्या काठावर प्रत्यक्ष पाहता येतो.

सुरुवात दोरीपासून करावी

प्रकाशाचा हिशेब थेट हाती घेऊ नये. आधी दोरी घ्यावी, कारण तिच्यात काय हलते आहे ते डोळ्यांना दिसते. काथ्याची एक बारीक सुतळी आणि तिच्याहून बरीच जाड अशी काथ्याचीच दोरी घट्ट गाठीने जोडावी. दोन्हींचा एकेक मीटर तुकडा स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून घ्यावा. जाड दोरीचे वजन बारकीच्या नऊपट निघेल अशी जोडी मिळाली तर आकडे सुटसुटीत येतात. जाड दोरीचे टोक बाल्कांवाच्या खांबाला बांधावे, सुतळीचे टोक हातात धरून दोर जमिनीला टेकणार नाही इतका ताणावा आणि मनगटाला एकच झटका द्यावा. मोबाइलवर मंद गतीचे चित्रण करून घेतले की गाठीपाशी काय घडते ते नीट पाहता येते: झटक्याचा उंचवटा गाठीशी पोहोचतो, त्याचा एक भाग उलटा होऊन हाताकडे परततो आणि दुसरा भाग सुलटाच जाड दोरीत पुढे जातो.

या घटनेचा हिशेब मांडण्यासाठी प्रत्येक दोरीची एक राशी लागते. तिला संरोध म्हणतात, आणि इंपीडन्स हे तिचे इंग्रजी नावही आपल्या वर्गांत रुळलेले आहे. ताण आणि एक मीटर लांबीचे वस्तुमान यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे दोरीचा संरोध. ताण दोन्हीकडे सारखाच असल्याने नऊपट जड दोरीचा संरोध तिप्पट ठरतो. आता गाठीवर दोन अटी लावाव्यात. पहिली अट अशी की गाठ तुटलेली नाही, म्हणून तिच्या दोन्ही अंगांचे विस्थापन प्रत्येक क्षणी सारखे असले पाहिजे. दुसरी अट अशी की गाठीला स्वतःचे वस्तुमान जवळजवळ नसल्याने तिच्यावर दोन्ही बाजूंनी येणारे आडवे बल एकमेकांना तोलून धरले पाहिजे. येणाऱ्या तरंगाचा आयाम, म्हणजे त्याची कमाल उंची, १ मानला, तर पहिल्या अटीवरून ‘१ अधिक परावर्तित आयाम बरोबर पारगत आयाम’ असे समीकरण मिळते, आणि दुसरीवरून ‘पहिला संरोध गुणिले, १ वजा परावर्तित आयाम, बरोबर दुसरा संरोध गुणिले पारगत आयाम’ असे.

ही दोन समीकरणे एकाखाली एक लिहून त्यांच्या डाव्या बाजू एकमेकींशी आणि उजव्या बाजू एकमेकींशी गुणाव्यात. डावीकडे पहिला संरोध गुणिले, १ वजा परावर्तित आयामाचा वर्ग, असे येते. उजवीकडे दुसरा संरोध गुणिले पारगत आयामाचा वर्ग येतो. तरंगाबरोबर दर सेकंदाला वाहणारी ऊर्जा संरोध आणि आयामाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, म्हणजे आपल्यासमोर आलेले समीकरण ऊर्जेच्या अक्षय्यतेचेच आहे. ती अट आपण कोठेही वेगळी घातलेली नव्हती. सीमा अखंड राहते आणि बले तोलली जातात, एवढ्यातच ऊर्जेचा ताळा आधीपासून दडलेला असतो. माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे आणि बहुतेक पाठ्यपुस्तके ती घाईने ओलांडतात.

आता आकडे घालावेत. बारीक सुतळीचा संरोध १ आणि जाड दोरीचा ३ धरला तर परावर्तित आयाम वजा ०.५ आणि पारगत आयाम ०.५ येतो. परतलेली ऊर्जा ०.५ चा वर्ग, म्हणजे २५ टक्के. पुढे गेलेली ऊर्जा ३ गुणिले ०.२५, म्हणजे ७५ टक्के. यानंतर दोर उलटा बांधावा, म्हणजे झटका जाड दोरीकडून सुतळीकडे जाईल. या वेळी परावर्तित आयाम अधिक ०.५ येतो, म्हणजे उंचवटा सुलटाच परततो, आणि सुतळीतील आयाम चक्क १.५ होतो. दीडपट उंचवटा पाहून ऊर्जा वाढली असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सुतळीचा संरोध एकतृतीयांश असल्याने हिशेब २.२५ भागिले ३, म्हणजे पुन्हा ७५ टक्केच येतो. आयामाचा नुसता वर्ग करून माध्यमाचा गुणक विसरणे, ही या प्रकरणातील सर्वांत जास्त घडणारी चूक आहे.

प्रत्यक्ष दोरीवर हे आकडे इतके चोख येणार नाहीत. काथ्याचे धागे एकमेकांवर घासतात आणि त्याचे तंतू हवेलाही अडतात, त्यामुळे उंचवटा चालता चालताच खचतो. म्हणून गाठीच्या अगदी जवळची, आधीची आणि नंतरची, उंची मोजावी. आणि खांबावरून परतणारा उंचवटा गाठीपाशी येण्याआधीचेच चित्र घ्यावे.

हवेतून पाण्यात जाणारा आवाज

ध्वनीच्या बाबतीत संरोध म्हणजे माध्यमाची घनता गुणिले ध्वनीचा वेग. आपल्याकडील उबदार हवेसाठी तो सुमारे ४१० भरतो. समुद्राच्या पाण्याची घनता एका घनमीटरला सुमारे १,०२५ किलोग्रॅम आणि त्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटरपेक्षा थोडा अधिक असल्याने पाण्याचा संरोध साडेपंधरा लाखांच्या घरात जातो. दोहोंचे गुणोत्तर जवळजवळ ३,८०० होते.

मालीमच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या ट्रॉलरने भोंगा वाजवला आणि तो आवाज सरळ खाली पाण्यावर आदळला असे समजू. दाबाचा हिशेब केला तर पाण्यातील दाबाचा आयाम हवेतील येणाऱ्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट येतो. एवढ्यावरच थांबणारा वाचक पाण्याखाली भोंगा अधिक जोराने पोहोचतो असे म्हणेल. मात्र ध्वनीची ऊर्जा दाब आणि माध्यमाच्या कणांचा वेग या दोहोंच्या गुणाकारातून वाहते, आणि पाण्यातील कणांचा वेग येणाऱ्या वेगाच्या सुमारे १,९०० व्या भागाइतकाच उरतो. दुप्पट गुणिले १,९०० वा भाग, म्हणजे साधारण हजारातील एक हिस्सा. उरलेली ९९.९ टक्के ऊर्जा हवेत परतते. पाण्यातून वर येणाऱ्या आवाजाचेही प्रमाण हेच आहे, फक्त तेथे परतणारा दाब उलटा होतो. मासे शोधणारे यंत्र याच गोष्टीवर चालते: त्याने सोडलेला आवाज पाण्यातूनच जातो आणि पाण्यातच परततो, आणि अनेक माशांच्या पोटातील हवेची पिशवी हीच त्याला जोरदार प्रतिध्वनी देणारी सीमा ठरते.

यातून एक नियम लक्षात ठेवावा: ताळा घालताना नेहमी दोन राशी एकत्र पाहाव्यात. दोरीत आडवे बल आणि वेग, ध्वनीत दाब आणि कणवेग, प्रकाशात विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र. त्यांपैकी एकच पाहिली की हिशेब फसतो.

भिंतीपाशी उभ्या राहणाऱ्या लाटा

हाच नियम व्यतिकरणालाही, म्हणजे तरंग एकमेकांत मिसळण्यालाही, लागू होतो, आणि तो पाहण्यास पणजीतील नदीकाठची भिंत उत्तम जागा आहे. बेतीकडे जाणारी फेरीबोट निघून गेली की तिने उठवलेल्या लाटा काही वेळाने काठाला लागतात. भिंत उभी आणि गुळगुळीत असेल तेथे येणारी आणि परतणारी लाट एकमेकींत मिसळतात. भिंतीला लागून पाणी जवळजवळ दुप्पट उंच चढते आणि भिंतीपासून पाव तरंगलांबीवर त्याची पातळी फारशी हलत नाही. दुप्पट उंची म्हणजे उंचीपोटीची ऊर्जा चौपट, आणि पातळी न हलणाऱ्या रेषेवर, म्हणजे निस्पंद रेषेवर, ती शून्य. मग ऊर्जा निस्पंदाकडून निघून प्रस्पंदाकडे, म्हणजे सर्वाधिक हालचालीच्या जागेकडे, गेली काय? निस्पंद रेषेवर तरंगणाऱ्या एखाद्या पानाकडे नजर ठेवावी. ते खाली-वर होत नाही, पण पुढे-मागे चांगलेच सरकते. म्हणजे तेथील पाण्यात गतीची ऊर्जा भरपूर असते, फक्त पातळी पाहून ती कळत नाही. ताणलेल्या दोरीत हे आणखी स्वच्छ दिसते: निस्पंदावर दोरी वर-खाली हलत नाही, पण तिचा उतार तेथेच सर्वाधिक बदलतो आणि ताणाची ऊर्जा तेथे साठते. गती आणि ताण या दोहोंची कालसरासरी मिळवली तर दोरीच्या प्रत्येक बिंदूवर ती सारखीच, एका तरंगाच्या दुप्पट, येते.

दोन फटींतून येणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे काळ्या पट्टीवर ऊर्जा खरोखरच पोहोचत नाही, आणि तेजस्वी पट्टीच्या मध्यावर एका फटीच्या चौपट पोहोचते. पडद्यावरची सरासरी मात्र दुप्पटच भरते. तेथे ऊर्जेची वाटणी बदलते, बेरीज बदलत नाही.

मुख्य हिशेब: काचेवरील पातळ थर

आता मूळ प्रश्नाकडे यावे. प्रकाश सरळ काचेवर पडत असेल तर दोरीच्या संरोधाच्या जागी अपवर्तनांक (त्या माध्यमात प्रकाश निर्वातापेक्षा किती पट मंद चालतो तो आकडा) घालावा. सूत्रे तीच राहतात. हवेचा अपवर्तनांक १ आणि काचेचा १.५ धरला तर परावर्तित आयाम वजा ०.२ आणि पारगत आयाम ०.८ येतो. परावर्तित ऊर्जा ४ टक्के. पारगत ऊर्जा १.५ गुणिले ०.६४, म्हणजे ९६ टक्के. ताळा जमला.

काचेवर आता अपवर्तनांक १.२२४७ असलेला थर चढवावा, निदान कागदावर तरी. हा आकडा १.५ चे वर्गमूळ आहे, आणि तो निवडण्याचे कारण असे की त्यामुळे दोन्ही पृष्ठभागांवरील परावर्तित आयाम एकसारखाच, वजा ०.१०१, येतो. थराची जाडी थरातील तरंगलांबीच्या पाव पट ठेवावी. ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी ती सुमारे ११२ नॅनोमीटर होते. थरातून खाली जाऊन वर येणाऱ्या प्रकाशाला अर्ध्या तरंगलांबीचा अधिक प्रवास घडतो आणि त्याचे चिन्ह उलटते.

आधी परतणारी बाजू लिहावी. वरच्या पृष्ठभागावरून येणारा तरंग वजा ०.१०१०. थरात शिरून, खालून परतून, पुन्हा बाहेर आलेला तरंग अधिक ०.१०००. बेरीज वजा ०.००१०. येथे अनेक जण थबकतात, कारण दोन तरंगांनी एकमेकांना पूर्ण खोडले नाही. उरलेले काम थरात आणखी एक फेरी मारून येणारा तरंग करतो: तो अधिक ०.००१० इतका असतो, आणि त्यानंतरच्या नगण्य तरंगांसह बेरीज बरोबर शून्यावर येते.

मग पारगत बाजू लिहावी. थेट जाणाऱ्या तरंगाचा आयाम ०.८९९ गुणिले ०.८९९, म्हणजे ०.८०८२. त्याची एकट्याची ऊर्जा काढली तर १.५ गुणिले ०.६५३२, म्हणजे ९७.९८ टक्के. दोन टक्क्यांची तूट आहे. खालून परतून, वरच्या पृष्ठभागावर आतून आपटून, पुन्हा काचेकडे आलेल्या तरंगाचा आयाम ०.००८२ आहे; त्याची स्वतंत्र ऊर्जा काढली तर ती जेमतेम ०.०१ टक्का भरते. एवढ्याशा तरंगाने दोन टक्क्यांची तूट कशी भरून निघणार? भरून निघते, कारण तो पहिल्या तरंगाशी समकलेत, म्हणजे शिखराशी शिखर जुळवून, येतो. आधी आयाम मिळवावेत: ०.८०८२ अधिक ०.००८२ म्हणजे ०.८१६४, आणि पुढच्या फेऱ्यांसह ०.८१६५. त्याचा वर्ग ०.६६६७, आणि त्याला १.५ ने गुणले की १.०००. शंभर टक्के.

वर्ग करताना जे दुपटीचे पद येते, म्हणजे दोन गुणिले पहिला आयाम गुणिले दुसरा आयाम, त्यानेच ही दोन टक्के ऊर्जा आणली. परतणाऱ्या बाजूला तेच पद उणे होते; पारगत बाजूला ते तितकेच अधिक झाले. प्रत्येक तरंगाला त्याची वेगळी ऊर्जा बहाल करून मग त्यांतील काही तरंग मेले असे मानणे, हीच मूळ शंकेमागची गफलत आहे. जेथे तरंग एकत्र असतात तेथे ऊर्जा बेरजेची असते, सुट्या तरंगांची नसते.

दोन्ही बाजूंची पदे एकमेकांना नेमकी फेडतात याची हमी एका चिन्हात आहे. हवेकडून काचेकडे जाताना परावर्तित आयाम वजा ०.२ असतो, काचेकडून हवेकडे जाताना तो अधिक ०.२ होतो. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८४९ मध्ये सर्व तरंगांची दिशा उलटी फिरवून पाहण्याच्या साध्या युक्तीने हा संबंध सिद्ध केला. त्याची परीक्षा घ्यायची असेल तर उघड्या काचेच्या पृष्ठभागावर दोन्हीकडून एकाच वेळी, प्रत्येकी १ एकक ऊर्जेचे समकला तरंग सोडावेत. आयाम ऊर्जेच्या मापात घेतले तर पारगत आयाम दोन्ही दिशांना ०.९८ येतो. हवेकडे बाहेर पडणारा आयाम ०.९८ वजा ०.२, म्हणजे ०.७८, आणि ऊर्जा ०.६१, काचेकडे बाहेर पडणारा आयाम १.१८ आणि ऊर्जा १.३९. बेरीज २, जितकी आत गेली तितकीच. दोन्ही परावर्तने एकाच चिन्हाची असती तर ही बेरीज २ वर राहिलीच नसती.

आता ‘आधीच परतलेल्या’ प्रकाशाची शंका. ती एका अर्थाने रास्त आहे. प्रकाशाचे अगदी पुढचे टोक थरावर पोहोचते, त्या क्षणी वरच्या पृष्ठभागावरून सुमारे १ टक्का ऊर्जा खरोखरच परतून जाते आणि पुन्हा कधीच काचेत येत नाही. थरातील एक फेरी पूर्ण होण्यास सुमारे ०.९ फेम्टोसेकंद लागतात (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग). तोवर खोडणारा तरंग जन्मलेलाच नसतो, आणि आत शिरलेली काही ऊर्जा थरात साठत असते. दोन-तीन फेऱ्यांत ही साठवण स्थिर होते, आणि त्यानंतर वरच्या पृष्ठभागावरून ऊर्जा परततच नाही. कोणत्याही प्रकाशाला मागे वळावे लागत नाही. जो नंतर येतो, त्याला वाट मोकळी असते.

काचेवर चढवता येईल असा, १.२२४७ इतक्या कमी अपवर्तनांकाचा टणक पदार्थ सहजी मिळत नाही, म्हणून व्यवहारात १.३८ अपवर्तनांकाचा मॅग्नेशियम फ्लोराइड वापरतात. वरील रीतीने त्याचा हिशेब करून पाहावा: परावर्तन १.४१ टक्के आणि पारगमन ९८.५९ टक्के यायला हवे. जुनी, पृष्ठभाग किंचित बदललेली काच नव्या काचेपेक्षा अधिक प्रकाश आत सोडते, हे लॉर्ड रॅले यांनी १८८६ मध्येच नोंदवले होते. निर्वातात थर चढवण्याची पद्धत १९३५ मध्ये झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी विकसित केली. हिरव्यासाठी बेतलेला एकच थर तांबड्या आणि निळ्या टोकांना पुरता खोडू शकत नाही, म्हणून अशा भिंगात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब जांभळट दिसते.

ताळा न जमल्यास

हिशेब आणि मोजणी यांत फरक पडला तर आधी शोषण तपासावे. धातूच्या पातळ थरात ऊर्जेचा एक वाटा उष्णता होतो, आणि परावर्तित, पारगत व शोषित अशी तीन खाती मांडावी लागतात. दुसरे कारण म्हणजे विखुरणे. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या असतात. त्यांतून येणारा मऊ उजेड नाना दिशांना पसरतो, आणि एका दिशेने मोजणाऱ्या यंत्राला त्यातील फारच थोडा सापडतो. अशा पृष्ठभागावर वरील सूत्रे चालवू नयेत.

तिसरे कारण जाडीचे. खिडकीच्या साध्या काचेलाही दोन पृष्ठभाग असतात, पण सूर्यप्रकाशाचे तरंग इतक्या जाडीनंतर परस्परांशी निश्चित कलासंबंध राखत नाहीत. तेथे दुपटीच्या पदाची सरासरी शून्य होते, म्हणून आयामांऐवजी सरळ ऊर्जाच मिळवाव्यात; दोन्ही पृष्ठभाग मिळून साधारण ८ टक्के परावर्तन येते. पावसाळ्यात ओल्या डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा थर रंग दाखवतो आणि खिडकीची काच दाखवत नाही, त्याचे कारण हेच.

शेवटचे कारण क्वचित लागते, पण प्रश्नपत्रिकेत ते आवडीने विचारतात: दोन स्रोत अगदी जवळ ठेवून त्यांचे तरंग सर्वच दिशांना एकमेकांना खोडतील अशी रचना केली तर ऊर्जा कोठे जाईल? तेथे पारगत बाजूच नाही. अशा वेळी ताळा स्रोतापाशी घालावा. शेजारच्या स्रोताचा तरंग पहिल्या स्रोतावर उलटे बल लावतो, आणि त्यामुळे तो मुळात ऊर्जा बाहेर टाकूच शकत नाही. दोन एकसारखे स्पीकर समोरासमोर अगदी जवळ ठेवून एकाच्या तारा उलट्या जोडल्या तर खालच्या स्वरांचा आवाज एकदम बसतो. स्पीकरचे पडदे हलतच राहतात, पण त्यांच्यामधील हवा फक्त इकडून तिकडे ढकलली जाते आणि खोलीकडे जवळजवळ काहीच जात नाही. अॅम्प्लिफायरमधून घेतलेली वीज मुख्यतः तारांच्या वेटोळ्यांत उष्णता होऊन संपते.